ओठावरची सूज आणि पोटातली कळ

समजा, वडवणीतल्या एखाद्या घरात रात्री दोन वाजता पंच्याहत्तरीच्या आजी पोट धरून उठून बसल्या आहेत. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली. घरात आजोबा आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. संध्याकाळपासून बेंबीभोवती कळा येत आहेत, तीनदा उलटी झाली आहे, पोट फुगून ताठ झाले आहे. ताप नाही. शिळे काही खाल्लेले नाही. असेच दोन महिन्यांपूर्वीही झाले होते आणि दोन दिवसांत आपोआप थांबले होते, एवढे आजोबांना आठवते. आणखी एक गोष्ट त्यांना आठवते, पण ती ते डॉक्टरांना सांगणार नाहीत, कारण पोटदुखीशी तिचा काही संबंध असेल असे त्यांना वाटतच नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी आजींचा खालचा ओठ एका बाजूने चांगलाच सुजला होता. काहीतरी चावले असेल म्हणून आमसुलाचे पाणी लावले आणि दुसऱ्या दिवशी ओठ पूर्ववत झाला.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. मात्र असे रुग्ण खरोखर असतात, आणि त्यांच्या पोटदुखीचे कारण कळायला कधी महिने, तर कधी वर्षे लागतात. ओठावर आलेली सूज आणि आतड्यात आलेली सूज या एकाच विकाराच्या दोन जागा असू शकतात. त्या विकाराला वैद्यकशास्त्रात ‘अँजिओएडिमा’ म्हणतात. ओठ आरशात दिसतो, आतडे दिसत नाही. म्हणून दोहोंची सांगड घालण्याचे काम बहुतेक वेळा घरच्या माणसांनाच करावे लागते. ती सांगड कशी घालावी, हे आपणांस सांगण्यासाठी हा लेख आहे.

ही सूज कोणती?

अंगावर पित्त उठणे आपल्या परिचयाचे आहे. त्वचेवर लाल गांधी उठतात, खाज सुटते, काही तासांत त्या विरून जातात. ती सूज त्वचेच्या वरच्या थरात असते. अँजिओएडिमामध्ये सूज त्याच्या खालच्या, खोल थरात येते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती एकाएकी सैल होतात आणि रक्तातील पातळ द्रव आजूबाजूच्या ऊतींत पाझरतो. पापण्या, ओठ, जीभ, हात, पाय, जननेंद्रिये हे भाग फुगतात. सूज बहुधा दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि बोटाने दाबले तर खड्डा पडत नाही.

येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. वयस्कर माणसांच्या पायांवर येणारी प्रत्येक सूज अँजिओएडिमा नसते. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या आजारांत घोट्यांवर सूज येते. ती सावकाश वाढते आणि दाबल्यावर खड्डा पडतो. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनेही पाऊल सुजते. ही सूज निराळी आणि तिचा विचारही निराळा. अँजिओएडिमा काही तासांत येतो, एक ते पाच दिवस राहतो आणि मागे खूण न ठेवता जातो.

असा पाझर घडवून आणणारी दोन प्रमुख रसायने आपल्या शरीरात आहेत. पहिले हिस्टामिन. शेंगदाणे, मासे, एखादे प्रतिजैविक, वेदनाशामक गोळी किंवा मधमाशीचा दंश यांच्या वावड्यात हिस्टामिन मोकळे होते. अशा सुजेबरोबर बहुधा गांधी आणि खाज असते, आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीने किंवा इंजेक्शनाने ती उतरते. दुसरे रसायन ब्रॅडिकायनिन. त्याच्यामुळे येणाऱ्या सुजेत गांधी नसतात, खाज नसते आणि अ‍ॅलर्जीची औषधे तिच्यावर फारशी चालत नाहीत. पोटातील अवयवांवर सूज आणणारा अँजिओएडिमा बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचा असतो.

सापाच्या विषापासून रक्तदाबाच्या गोळीपर्यंत

ब्रॅडिकायनिनचा शोध १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये लागला. माउरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांचे सहकारी जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करीत होते. आपल्याकडच्या घोणस आणि फुरशाचा हा दूरचा भाऊबंद. हे विष रक्तात मिसळले की एक पदार्थ तयार होतो आणि त्याच्या प्रभावाने प्राण्याचे आतडे संथपणे आकुंचन पावते, असे त्यांना आढळले. त्या संथ हालचालीवरूनच ग्रीक शब्द घेऊन त्याला ब्रॅडिकायनिन हे नाव मिळाले. म्हणजे या रसायनाची पहिली ओळखच आतड्यावरील परिणामातून झाली.

पुढे त्याच सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचे विघटन रोखणारे घटक असल्याचे सेर्जिओ फेरेरा यांनी दाखवले. त्या धाग्यावरून संशोधन होत होत कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचे औषध तयार झाले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्याच कुळातील औषधे. या कुळाला ‘एसीई इनहिबिटर’ म्हणतात. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ आले की ओळखावे.

या औषधांनी असंख्य रुग्णांचे हृदय आणि मूत्रपिंड सांभाळले आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मात्र ती ज्या विकराला अडवतात, तोच विकर शरीरातील ब्रॅडिकायनिन मोडण्याचे कामही करीत असतो. तो अडला की काही थोड्या लोकांत ब्रॅडिकायनिन साचते आणि सूज येते. ही औषधे घेणाऱ्या हजार जणांपैकी साधारण एक ते सात जणांना असा त्रास होतो. प्रमाण अल्प आहे, परंतु घेणारे फार आहेत, आणि त्यांत बहुसंख्य आपल्यासारखे वयस्कर आहेत.

आतड्यात काय घडते?

आतडे ही मऊ, पोकळ नळी. तिच्या आतल्या अस्तराखाली सैल ऊतींचा थर असतो. ओठाच्या आत जसा द्रव साचतो तसाच तो या थरात साचू लागला, की आतड्याची भिंत कित्येक पटींनी जाड होते आणि आतला मार्ग अरुंद होतो. अन्न आणि वायू पुढे सरकेनासे होतात. कळा येतात, मळमळ होते, उलट्या होतात, पोट फुगते. कधी शौचाला होत नाही, तर सूज ओसरताना पातळ जुलाब होतात. या वेदना अतिशय तीव्र असू शकतात. रुग्ण अक्षरशः गडबडा लोळतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आतड्याच्या भिंतीतून द्रव पोटाच्या पोकळीतही पाझरतो. तेवढे पाणी रक्तातूनच कमी झालेले असते. उलट्या-जुलाबांनी त्यात भर पडते. परिणामी रक्तदाब उतरतो, चक्कर येते, लघवी कमी होते, माणूस गळून जातो. तरुण शरीर हे काही काळ सोसते. पंच्याहत्तरीच्या शरीराला ते सोसवत नाही, विशेषतः जर रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणारी औषधे नेहमीप्रमाणे चालूच असतील तर.

बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. पोटाचा झटका आला तेव्हा ओठ, डोळे, हात सुजलेले असतीलच असे नाही. कित्येकांना केवळ पोटाचेच झटके येतात. दोन-तीन दिवसांत सूज ओसरली की सोनोग्राफीही नेहमीसारखी दिसते. मग ‘गॅस असेल’, ‘अपचन असेल’, कधी ‘मनाचे असेल’ असे निदान होते आणि रुग्ण मुकाट होतो.

आणखी कोणते अवयव?

आनुवंशिक अँजिओएडिमाच्या रुग्णांवरील एक मोठी पाहणी जर्मनीतील माइन्झ येथील डॉ. कोन्राड बोर्क यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. २२१ रुग्णांना आलेल्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक झटक्यांची ती नोंद होती. शंभरांपैकी सत्त्याण्णवांहून अधिक झटके त्वचेचे किंवा पोटाचे होते. उरलेल्यांत मूत्राशय, अन्ननलिका, स्नायू, सांधे, मूत्रपिंड आणि छाती यांच्या तक्रारी होत्या, तसेच काहींना तीव्र डोकेदुखीचे झटके येत होते.

मूत्राशयाच्या अस्तरावर सूज आली तर लघवीला वेदना होतात, कधी लघवी अडते. वयस्कर पुरुषांत याचा दोष सहजच प्रोस्टेटला दिला जातो. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात स्वादुपिंडाची नलिका उघडते. तेथे सूज आल्यास क्वचित स्वादुपिंडाचा दाह होतो. या घटना विरळ आहेत. त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु झटका येतो, दोन-चार दिवसांत पूर्ण जातो आणि पुन्हा तसाच येतो, हा क्रम दिसला की या विकाराची आठवण व्हावी.

घसा: येथे मिनिटांचा हिशेब असतो

वरील पाहणीत स्वरयंत्राच्या सुजेचे झटके शंभरात एकाहूनही कमी होते. मात्र आयुष्यभराचा विचार केला, तर आनुवंशिक विकाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना तसा झटका एकदा तरी येतो. पोटाचा झटका छळतो, घशाचा झटका जीव घेऊ शकतो. श्वासाचा मार्गच बंद होतो.

आवाज बसणे किंवा घोगरा होणे, गिळताना अडकणे, लाळ गिळता न येणे, जीभ जड होणे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणे ही त्याची लक्षणे. यांतील एकही दिसले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि फोनवरच सांगावे, की ‘घसा सुजतो आहे, श्वासाला त्रास आहे’. रुग्णाला बसते ठेवावे, आडवे झोपवू नये. कवळी असेल तर काढून ठेवावी. तोंडाने पाणी, काढा, गोळी काही देऊ नये.

औषधांची पिशवी उघडून पाहा

आपल्या घरात औषधांची एक पिशवी असतेच. रक्तदाबाची पट्टी, साखरेची पट्टी, गुडघेदुखीची गोळी, कोणी शेजाऱ्याने सुचवलेले चूर्ण. ती पिशवी आज उघडून पाहावी.

‘प्रिल’ने संपणारे नाव आहे का? असल्यास घाबरून गोळी बंद करू नये. त्रास नसेल तर ती चालूच ठेवायची आहे. परंतु ओठ, जीभ, चेहरा यांवर एकदाही कारणाविना सूज आली असेल, किंवा पोटाचे असे येऊन-जाऊन झटके आले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. येथे अनेकांची फसगत एका गोष्टीने होते. ‘ही गोळी मी सहा वर्षांपासून घेतो, आजवर काही झाले नाही, मग आताच कसे होईल?’ असा प्रश्न स्वाभाविक आहे. पण ही सूज गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात येऊ शकते, तशी ती कित्येक वर्षांनीही येऊ शकते. मधल्या काळात एकदा येऊन गेली आणि पुन्हा सहा महिने आली नाही, असेही घडते. म्हणूनच संशय गोळीवर जात नाही.

चेहरा किंवा जीभ सुजलेली असताना मात्र ‘प्रिल’ गोळीचा पुढचा डोस न घेता थेट रुग्णालय गाठावे. कारण तेच ठरले, तर डॉक्टर ती गोळी कायमची थांबवतात आणि तिच्या जागी दुसऱ्या गटाचे औषध देतात. त्या कुळातील कोणतीही गोळी पुन्हा घ्यायची नसते. नाव बदलले तरी कूळ तेच. थांबवल्यानंतर पुढचे काही आठवडे सूज पुन्हा डोकावू शकते, तेव्हा सावध राहावे.

मधुमेहासाठी ‘ग्लिप्टिन’ने संपणाऱ्या गोळ्या, जसे व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. व्हिल्डाग्लिप्टिन आणि ‘प्रिल’ गटाची गोळी एकत्र घेणाऱ्यांत अँजिओएडिमाचे प्रमाण वाढलेले आढळल्याचे विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना दिले जाणारे सॅक्युबिट्रिल हे औषधही ‘प्रिल’बरोबर देत नाहीत, दोहोंत किमान ३६ तासांचे अंतर ठेवले जाते. घरी जुन्या पट्ट्या उरल्या असतील आणि डॉक्टरांनी औषध बदलले असेल, तर जुनी पट्टी पिशवीतून काढून टाकणे हे घरच्यांचे काम. अंधुक दिसणाऱ्या आजोबांकडून दोन्ही गोळ्या घेतल्या जाणे अवघड नाही.

घराण्यातून येणारी सूज

दुसरे मोठे कारण रक्ताच्या नात्यातून येते. हाइनरिख क्विंके या जर्मन वैद्याने १८८२ मध्ये या सुजेचे सविस्तर वर्णन केले. १८८८ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी एका कुटुंबाच्या पाच पिढ्यांत चालत आलेली हीच सूज नोंदवली, आणि तिच्याबरोबर पोटात कळा येतात हेही लिहून ठेवले. तिचे कारण १९६३ मध्ये व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी शोधले. आपल्या रक्तात ‘सी-वन इनहिबिटर’ नावाचे एक प्रथिन असते. ते ब्रॅडिकायनिन तयार होण्याच्या प्रक्रियेला लगाम घालते. काही जणांत जनुकातील दोषामुळे हे प्रथिन कमी पडते किंवा निकामी असते. लगाम सुटला की सूज येते.

आई-वडिलांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. सुमारे चार-पाच रुग्णांपैकी एकाच्या घराण्यात मात्र पूर्वी कोणालाच तो नसतो. हा विकार साधारण ५० हजारांत एकाला असतो असे मानले जाते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. त्या हिशेबाने आपल्या एका जिल्ह्यातच असे पन्नासेक लोक असावेत. त्यांपैकी किती जणांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक असेल, याचा विचार करावा.

त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो. दात काढणे, मार लागणे, जंतुसंसर्ग, मानसिक ताण, स्त्रियांत इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या यांनी झटका येऊ शकतो. काहींना झटक्याआधी अंगावर नागमोडी, न खाजणारे लालसर चट्टे दिसतात. त्यांना चुकून पित्त समजले जाते. म्हणून वडीलधाऱ्यांची आठवण येथे मोलाची आहे. ‘माझ्या चुलत्याचा घसा एका रात्रीत सुजून ते गेले’, ‘आत्याच्या पोटात सदा कळा यायच्या’ असे आपल्याला आठवत असेल, तर ते नातवाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे. मुलगा-सून कोपावर असताना नातवंडाचे पोट दुखू लागले, तर ही माहिती देणारे घरात आपणच असता.

वयाच्या चाळिशीनंतर, घराण्यात कोणाला नसताना आणि ‘प्रिल’ गोळी चालू नसताना पहिल्यांदाच अशी सूज येऊ लागली, तर डॉक्टर रक्ताच्या किंवा लसिकाग्रंथींच्या आजाराचाही शोध घेतात, कारण त्या आजारांत सी-वन इनहिबिटर खर्ची पडून कमी होऊ शकते.

सुरीआधी निदान

तीव्र पोटदुखी, उलट्या, सोनोग्राफीत पोटात पाणी आणि जाड झालेले आतडे हे चित्र पाहून अपेंडिक्सचा किंवा आतडे अडल्याचा संशय येणे चुकीचे नाही. तसे असेल तर शस्त्रक्रिया तातडीने व्हायलाच हवी. पण जगभरातील अँजिओएडिमाच्या रुग्णांच्या कहाण्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. कारण कळण्याआधी पोट उघडले गेले, अपेंडिक्स काढले, ते निरोगी निघाले, आणि काही महिन्यांनी तीच कळ पुन्हा आली.

बीड जिल्ह्याला निदानाआधीच्या शस्त्रक्रियेचे दुःख नवे नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे समोर आले. त्या शस्त्रक्रियांची कारणे निराळी होती, अँजिओएडिमाशी त्यांचा संबंध नाही. तरीही घेण्यासारखा धडा एकच आहे. पोटाच्या वारंवार येणाऱ्या दुखण्यावर काहीतरी ‘काढून टाकण्या’आधी ‘हे कशामुळे होत आहे?’ असा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. आपल्या वयात पोटदुखीची इतर कारणे कितीतरी अधिक आढळतात: पित्ताशयातील खडे, आतड्याला पडलेले छिद्र, हर्निया अडकणे, कधी हृदयविकाराचा झटकादेखील. त्यामुळे ‘हा तर अँजिओएडिमाच’ असे घरी ठरवून बसणे घातक आहे. ज्याला अँजिओएडिमा असल्याचे सिद्ध झाले आहे, त्यालाही अपेंडिक्स होऊ शकते. ताप, लाकडासारखे कडक पोट, शौचातून रक्त किंवा नेहमीपेक्षा वेगळी कळ असेल, तर नव्याने तपासणी हवी.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी सोपी आहे: रक्तातील ‘सी-फोर’ या प्रथिनाची पातळी. सी-वन इनहिबिटरच्या कमतरतेत ती बहुतेक वेळा खाली गेलेली असते. ‘प्रिल’ गोळीने आलेल्या सुजेत ती नेहमीइतकी असते. सी-फोर कमी आढळल्यास सी-वन इनहिबिटरचे प्रमाण आणि त्याचे कार्य तपासतात. क्वचित काही कुटुंबांत हे सारे अहवाल ठीक असूनही आनुवंशिक विकार असतो. तेथे जनुकीय तपासणी लागते. झटका चालू असतानाच केलेली सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन फार उपयोगी ठरते, कारण दोन-तीन दिवसांनी पुरावाच नाहीसा होतो.

वडवणीहून बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी हे पुढच्या उपचारांचे मार्ग आहेत. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. प्रतिकारयंत्रणेच्या आनुवंशिक विकारांचे निदान हे तिचे महत्त्वाचे काम असून आनुवंशिक अँजिओएडिमावरही तेथे अभ्यास झाला आहे.

उपचार कारणाप्रमाणे ठरतात. वावड्याने आलेल्या सुजेत, विशेषतः श्वास किंवा रक्तदाब बिघडत असेल, तर अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. ‘प्रिल’ गोळीची सूज असेल, तर गोळी बंद करणे हाच मुख्य उपचार. पोटाची सूज असल्यास शिरेतून सलाइन देऊन रक्तदाब सांभाळतात आणि बहुधा एक ते तीन दिवसांत आराम पडतो. आनुवंशिक विकाराच्या झटक्यावर सी-वन इनहिबिटरचे इंजेक्शन किंवा ब्रॅडिकायनिनचा परिणाम रोखणारे इकॅटिबंट ही खास औषधे आहेत. ती महाग आहेत आणि प्रत्येक रुग्णालयात ठेवलेली नसतात. ती नसतील तेथे रक्तपेढीतील गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा वापरतात, कारण त्यात हेच प्रथिन असते. झटके वारंवार येऊ नयेत म्हणून डॅनॅझॉल किंवा ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. दात काढण्यापूर्वी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी अशा रुग्णाने आपला आजार सांगितला, तर आधीच खबरदारी घेता येते.

घरच्यांनी एवढे करावे

एक छोटी वही ठेवावी. पोट दुखले ती तारीख, किती वेळ दुखले, उलटी-जुलाब झाले का, ओठ-डोळे-हात सुजले का, गांधी किंवा खाज होती का, एवढेच लिहावे. नातवंडे शाळेत जाणारी असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे.

सूज आली की मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत सूज उतरते, छायाचित्र राहते.

दवाखान्यात जाताना औषधांची सगळी पिशवी बरोबर न्यावी. ‘बीपीची पांढरी गोळी’ या वर्णनावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

कारण निश्चित झाल्यावर एका कागदावर आजाराचे नाव, टाळायच्या औषधांची नावे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन लिहून तो कागद रुग्णाच्या खिशात किंवा बटव्यात ठेवावा. त्याची एक प्रत गावाबाहेर असलेल्या मुलांच्या मोबाइलवर पाठवावी.

चेहरा किंवा जीभ सुजली असता सेट्रिझिनची गोळी देऊन ‘बघू सकाळी’ म्हणत थांबू नये. गोळीने उतार पडला नाही, तर ती माहितीही डॉक्टरांना द्यावी. तिच्यावरून सुजेचा प्रकार ओळखायला मदत होते.

आणि पोटदुखीची तक्रार वारंवार करणाऱ्या वृद्ध माणसाला ‘तुमचं रोजचंच आहे’ असे म्हणू नये. रोजचेच का आहे, हाच तर प्रश्न आहे.

आता पुन्हा त्या वडवणीच्या घरात जाऊ. आजोबांनी १०८ ला फोन केला, रुग्णालयात डॉक्टरांपुढे औषधांची पिशवी रिकामी केली आणि सहज म्हणून सांगितले, ‘साहेब, मागच्या महिन्यात हिचा ओठ सुजला होता.’ त्या एका वाक्याने डॉक्टरांची नजर पट्टीवरच्या ‘रामिप्रिल’ या नावाकडे वळू शकते. पोटाची तपासणी तर ते करतीलच. पण आतड्याला आलेल्या सुजेचा विचारही आता त्यांच्या मनात असेल. हे वाक्य उच्चारायला पैसे लागत नाहीत, मोठ्या शहरात जावे लागत नाही. फक्त ते सांगण्यासारखे आहे, हे आपल्याला ठाऊक असावे लागते.